आमारोने: आधी स्वयंपाक ठरवा, मग बाटली उघडा

वेरोनातल्या एका ओस्तेरियात, म्हणजे आपल्या भाषेत खाणावळीत, मी वाढायचं काम करते. जुलैच्या उन्हात शिंपल्यांच्या पास्त्याबरोबर आमारोने मागवणारे पर्यटक मी दर उन्हाळ्यात बघते. वेरोनाला आलोय म्हणजे इथली सगळ्यात नावाजलेली वाइन प्यायलाच हवी, असा त्यांचा हिशेब असतो. पहिल्या घोटाला कपाळावर घाम येतो, दुसऱ्याला शिंपले लोखंडासारखे लागायला लागतात, आणि निम्मी बाटली टेबलावर तशीच राहते. त्यात वाइनचा काही दोष नाही. ती थंडीतल्या, चार तास मंद आचेवर शिजलेल्या जेवणासाठीची आहे. तेव्हा आधी ताटात काय असणार ते ठरवा, ते पटलं तरच ही बाटली काढा.

ही वाइन इतकी जड का, हे कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं. वेरोनाच्या उत्तरेला वालपोलिचेल्ला नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला या काळ्या द्राक्षांचे घड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात हाताने तोडतात आणि लगेच पिळत नाहीत. हवेशीर माळ्यावर, क्रेटमध्ये एकाच थरात पसरून ठेवतात. तीन ते चार महिने. तोवर वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा थोडं जास्तच घटतं. पाणी जातं, साखर राहते. मग डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ती पिळून महिनाभर किंवा त्याहून जास्त सावकाश आंबवतात. जवळजवळ सगळ्या साखरेचं अल्कोहोल होतं. कायद्याने किमान 14 टक्के लागतं, प्रत्यक्षात लेबलवर 15, 16 दिसतं.

मी तासगावकडची. आमच्या घरी बेदाण्याची शेड आहे, त्यामुळे ही सुकवणी मला पुस्तकातून शिकावी लागली नाही, पण फरक मात्र शिकावा लागला. आपल्याकडे थॉमसनचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतो, म्हणजे मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि पंधरा दिवसांत माल तयार. चार किलोला एक किलो बेदाणा. इथे असलं काही लावत नाहीत. साल तशीच ठेवून पाणी हळूहळूच जायला हवं, कारण त्या काळात मण्याच्या आत आम्ल कमी होतं, वास बदलतो, तुरटपणा मऊ पडतो. आबा इथे आले तेव्हा त्यांना नोव्हेंबरात अशा एका माळ्यावर नेलं होतं. त्यांनी मणी चिमटीत दाबला, तोंडात टाकला, आणि मला म्हणाले, "आगं, हे आर्धंच वाळलंय की. तेल लावत न्हाईत व्हय ही माणसं?" मालकाने काय म्हणाले म्हणून विचारलं. अर्धंच वाळलंय म्हणतात, असं मी सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे, तेवढंच वाळवायचं असतं.

भीती दोघांची एकच. आपल्याला शेडवर माल असताना अवकाळी पाऊस नको, यांना पो नदीच्या सपाटीवरून येणारं धुकं नको. ओलसर हवा आत आली की बुरशी, आणि एका घडाची बुरशी आख्ख्या क्रेटला. म्हणून हल्ली माळ्यावर मोठे पंखे असतात. पूर्वी वेताच्या चटयांवर सुकवायचे. त्याच चटया रेशमाचे किडे पाळायलाही वापरायचे. बागासुद्धा बघून ओळखीच्या वाटल्या. जुन्या बागा आपल्यासारख्याच मांडवावर आहेत, फक्त उतारावर, दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांवर.

आणखी एक. याच वाळवलेल्या द्राक्षांची इथे आधीपासून गोड वाइन होते, रेचोतो. त्या पिंपातली साखर आंबता आंबता संपली की जे कोरडं, कडवट शेवटाचं उरायचं त्यातून आमारोने आली. बाजारात ती 1950 च्या दशकात रुळली, 1968 मध्ये वालपोलिचेल्लाला डीओसी, म्हणजे उगमस्थानाचं सरकारी मानांकन, मिळालं आणि 2010 मध्ये आमारोनेला त्यावरचा डीओसीजी दर्जा. म्हणजे प्राचीन वगैरे काही नाही, आपल्या आजोबांपेक्षा लहान आहे.

बाटली घेताना

दुकानात एकाच फळीवर चार नावं दिसतील आणि चारही लेबलांवर वालपोलिचेल्ला लिहिलेलं असेल. नुसती वालपोलिचेल्ला म्हणजे ताज्या द्राक्षांची, हलकी, चेरीच्या वासाची, रोजच्या जेवणाची. रिपास्सो म्हणजे ती हलकी वाइन आमारोने काढून उरलेल्या चोथ्यावर पुन्हा आंबवलेली. थोडा भारदस्तपणा, निम्म्याहून कमी किंमत. मग आमारोने. आणि रेचोतो गोड, बहुधा छोट्या बाटलीत. घाईत रेचोतो उचलून मटणाबरोबर उघडणारे लोक मी पाहिलेत.

आमारोनेवर क्लासिको लिहिलेलं असेल तर द्राक्षं मूळच्या पाच गावांतली: नेग्रार, मारानो, फुमाने, सांताम्ब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो. रिझेर्वा लिहिलेलं असेल तर किमान चार वर्षं मुरवलेली, साधी असेल तर दोन. बुचाजवळ सरकारी कागदी पट्टी चिकटवलेली असते, ती नसेल तर बाटली खाली ठेवा. इथल्या सुपरमार्केटात वीस-पंचवीस युरोपासून मिळते. चाळीसच्या आसपास चांगली येते. जुझेप्पे क्विन्तारेल्ली किंवा दाल फोर्नो या नामवंत उत्पादकांचं नाव दिसलं तर किंमत बघून पुढे जा, ती वेगळ्या लोकांसाठी आहे.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने आठ-दहा वर्षं जुनी बाटली शोधावी. कोवळ्या आमारोनेत अल्कोहोल पुढे आणि बाकी सगळं मागे असतं. वर्षं गेली की सुकवलेली चेरी, काळी मनुका, कोको, दालचिनी, जरासा तंबाखू असं एकेक वर येतं, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडवटपणाची बारीक रेघ राहते. त्या रेघेसाठीच जेवण जपून निवडायचं.

उघडताना

तापमान 18 अंश. युरोपातली पुस्तकं "खोलीच्या तापमानाला" असं लिहितात, पण त्यांची खोली म्हणजे दगडी भिंतींची, जानेवारीतली. पुण्या-मुंबईत खोली 28-30 ला असते. तेव्हा अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवून मग काढा. गरम आमारोने औषधासारखी लागते, हे चुकवण्यासारखं आहे.

कोवळी असेल तर जेवणाआधी दोन तास उघडून रुंद भांड्यात ओतून ठेवा. काचेचा जगही चालतो. नुसतं बूच काढून ठेवल्याने काही होत नाही, बाटलीच्या एवढ्याशा तोंडातून हवा ती किती जाणार? पंधरा-वीस वर्षांची असेल तर आदल्या दिवसापासून उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि ओतताना शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या.

पेला मोठ्या पोटाचा घ्या आणि एक तृतीयांशच भरा. एका बाटलीत सहा माणसं. दोघांत संपवायची वाइन नव्हे ही, दुसऱ्या दिवशी डोकं सांगेलच.

ताटात काय

वेरोनाकरांचं उत्तर ठरलेलं आहे: घोड्याचं मटण. पास्तिस्सादा दे कावाल. इसवी सन 489 मध्ये थिओडोरिक आणि ओडोआकर या दोन राजांची इथे लढाई झाली, मेलेले घोडे वाया जाऊ नयेत म्हणून वाइन-मसाल्यात मुरवले, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे. घोडं मी खाल्लेलं नाही, खाणार नाही. पण भांड्यात काय चाललंय ते रोज बघते: वाइन, कांदा, लवंग, दालचिनी, तमालपत्राच्या कुळातली पानं, आणि तास न् तास मंद आच. हाच सांगाडा ब्राझातो या बीफच्या पदार्थाचा. हेच तंत्र आपल्या बोकडाच्या मटणाला लागू पडतं, आणि उत्तम लागू पडतं.

खांद्याचं हाडासकट दीड किलो मटण, मोठे तुकडे. गाजर, कांदा, सेलरीची एक काडी, चार लवंगा, बोटभर दालचिनी, दहा मिरी, एक तमालपत्र. आपलं तमालपत्र इथल्या पानापेक्षा वेगळं, दालचिनीच्या अंगाने जाणारं असतं, म्हणून एकच. हे सगळं एका बाटली वालपोलिचेल्लात किंवा रिपास्सोत रात्रभर फ्रीजमध्ये. आमारोने यात ओतू नका. दुसऱ्या दिवशी मटण निथळून, कापडाने टिपून कोरडं करा. ओलं मटण परततच नाही, नुसतं वाफाळतं. जाड बुडाच्या पातेल्यात सगळ्या बाजूंनी तपकिरी होईपर्यंत परता, मग भाज्या, मग गाळलेली वाइन. झाकण ठेवून अगदी बारीक गॅसवर तीन तास. कुकरला लावलंत तर मटण शिजेल, पण रस पातळ राहील; शिट्ट्यांनंतर झाकण काढून तो निम्मा आटवावा लागेल. हळद नाही, आलं-लसूण वाटण नाही, तिखट तर नाहीच. सोबत पोलेंता, म्हणजे मक्याच्या जाड रव्याची घट्ट उकड. पहिला घास तोंडात असतानाच घोट घ्या. मटणाची चरबी आणि हाडातला चिकटपणा जिभेवर बसलेला असतो, वाइन तो धुऊन नेते, आणि एरवी कडक वाटणारं अल्कोहोल त्यात जाणवतही नाही.

दुसरा खास इथलाच पदार्थ म्हणजे आमारोनेचा रिझोत्तो, म्हणजे वाइन आणि सुपात ढवळत शिजवलेला मऊसर भात. वेरोनाच्या दक्षिणेला इसोला देल्ला स्काला भागात वियालोने नानो नावाचा आखूड, गोलसर तांदूळ पिकतो. वेरोनाच्या या तांदळाला 1996 पासून युरोपीय भौगोलिक मानांकन आहे. चौघांना 320 ग्रॅम. हा तांदूळ धुवायचा नाही. परत सांगते, धुवायचा नाही, कारण आपला हात नळाकडे जातोच. वरची पिठी गेली तर रिझोत्तो मिळून येत नाही.

अर्धा लीटर वाइन वेगळ्या भांड्यात गरम करून निम्म्याला थोडी कमी होईल इतकी आटवा. थंड वाइन गरम तांदळावर ओतली की दाणा बाहेरून आखडतो आणि आत कच्चा राहतो. बारीक चिरलेला एक छोटा कांदा 40 ग्रॅम लोण्यात, रंग न बदलता, मऊ. त्यात तांदूळ कोरडाच दोन मिनिटं परता. दाण्याच्या कडा पारदर्शक दिसायला लागतात आणि मधे पांढरा ठिपका राहतो, तेव्हा वाइन दोनदा विभागून घाला. ती शोषली गेली की उकळतं सूप, म्हणजे मटणाचं किंवा भाज्यांचं अळणी पाणी, पळी-पळी घालत ढवळत राहा. साधारण सोळा मिनिटं. गॅस बंद करून 40 ग्रॅम फ्रीजमधलं थंड लोणी आणि मूठभर किसलेलं मोन्ते वेरोनेसे चीज घाला, मिनिटभर झाका, मग पातेलं जोरात हलवा. ताटली तिरकी केली की भात सावकाश वाहायला हवा. ढीग करून उभा राहिला तर आणखी अर्धी पळी पाणी. मीठ सगळ्यात शेवटी चाखून, चीज खारट असतं. रंग जांभळाचा गर पिळल्यासारखा येतो, पाहुण्यांना आधी जरा शंका वाटते.

भारतात आंबेमोहोरावर होईल का, असं मैत्रिणी विचारतात. मला नाही आवडला. दाणा शेवटच्या पाच मिनिटांत फुटतो आणि त्याचा स्वतःचा मोहोराचा वास वाइनशी भांडतो. शहरातल्या दुकानांत आर्बोरियो या इटालियन तांदळाचं पाकीट मिळतं, तेच आणा. आणि वाइन कुठली? पाककृतीत आमारोने लिहिलेलं असतं. घरी मी पातेल्यात रिपास्सो घालते, आमारोने पेल्यात. शेजारची बाई याला पाप म्हणते. तिने माझ्याकडे दोनदा वाढून घेतलंय.

आता नुसतं चीज. जेवण संपल्यावर उरलेल्या पेल्याबरोबर जुनं चीज हा माझ्या मते आमारोनेचा सगळ्यात सोपा आणि न चुकणारा जोडीदार. वर लेसिनियाच्या पठारावरचं मुरलेलं मोन्ते वेरोनेसे, किंवा 30-36 महिन्यांचं पार्मिजानो, सुरीने न कापता फोडलेलं. दातांखाली बारीक खडे लागतात, आणि चीजच्या खारटपणाने वाइनमधला मनुकेचा गोडवा वर येतो. तिखट, निळ्या शिरांचं गोर्गोंझोलाही चालतं, वर चेस्टनटचा कडवट मध. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: पार्मिजानो आणि गोर्गोंझोलासाठी दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, त्यामुळे पाळणाऱ्यांनी वनस्पतीच्या रेनेटचं चीज विचारून घ्यावं.

शाकाहारी ताट जमतं, पण मांसाची जागा भरायला काहीतरी गडद लागतं. सुकवलेल्या पोर्चिनी मश्रूमचा रिझोत्तो, मश्रूम भिजवलेल्या पाण्यासकट. पोलेंतावर वितळवलेलं, वनस्पतीच्या रेनेटचं निळ्या शिरांचं चीज. रादिक्कियो, म्हणजे कोबीसारखा लाल, कडू गड्डा, लोण्यात परतून, वर अक्रोड. टोमॅटोचं आंबट काही नको, पालेभाजी नको, आणि पनीर इतकं सोज्वळ आहे की ते कोपऱ्यात बसून राहतं.

चॉकलेटबद्दल इथेही वाद आहेत. हॉटेलवाले आमारोनेबरोबर डार्क चॉकलेट सुचवतात. गोड खाल्ल्यावर कोरडी वाइन आंबट आणि रागीट लागते, मला तरी. चॉकलेटला रेचोतो द्या.

तिखटाचं काय?

तांबडा रस्सा आणि आमारोने, हा प्रश्न आमच्याकडच्या प्रत्येक पाहुण्याचा. उत्तर नाही असंच आहे. मिरचीची आग आणि 16 टक्के अल्कोहोल एकमेकांना पेटवतात. तोंडात जाळ राहतो, चव कसलीच नाही. पांढऱ्या रश्श्याची उलटी अडचण, तो बिचारा वाइनखाली दडपून जातो. आपल्या घरचं काही जुळवायचंच असेल तर मिरीवर केलेलं सुकं मटण, खोबरं अगदी कमी, तिखट शून्य. नळीचा जाड रस चांगला जमतो. भाजलेल्या मसाल्यातली लवंग-दालचिनी वाइनला ओळखते, लाल मिरची नाही. मासे, कोंबडीचा साधा रस्सा, बिर्याणी, यांना दुसरं काहीही द्या.

उरलेली बाटली आणि बॅगेतली बाटली

उघडलेली आमारोने बूच लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, हलक्या वाइन इतक्या टिकत नाहीत. दुसऱ्या दिवशी तर बऱ्याचदा जास्त चांगली लागते. न उघडलेली बाटली मात्र माळ्यावर, स्वयंपाकघरात किंवा ओट्याखाली सिलिंडरशेजारी ठेवू नका. सांगलीच्या एप्रिलात ती दोन महिन्यांत शिजेल. वाइनचं कपाट नसेल तर फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात आडवी ठेवा, आणि दिवाळीनंतर थंडी पडली की काढा.

भारतात आयात शुल्क आणि राज्याचे कर लागून किंमत इतकी फुगते की कुणीतरी इथून आणणं परवडतं. चेक-इन बॅगेत, दोन स्वेटरच्या मधे, बूच वरच्या बाजूला. एका प्रवाशाला शुल्काशिवाय दोन लीटर मद्य नेता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. तिसरी घेतलीत की सव्वादोन लीटर होतात, आणि कस्टमवाल्यांना तो हिशेब करायला फार वेळ लागत नाही.